घरचं बियाणं पेरलं म्हणून कुणी तुरुंगात जात नाही

माझ्या मामांनी बियाण्यासाठी राखलेलं सोयाबीन मोंढ्यावर नेऊन विकलं. कारण काय, तर व्हॉट्सॲपवर आलेला एक मजकूर. 'भारताने जागतिक व्यापार संघटनेच्या करारावर सही केल्यामुळे घरचं बियाणं पेरणं हा गुन्हा झाला आहे, गुजरातचे बटाटा उत्पादक त्यापायी तुरुंगात गेले, कांद्याची निर्यात त्याच संघटनेच्या हुकमावरून बंद झाली आणि आपल्या हळदीचं पेटंट अमेरिकेकडे आहे.' खाली 'प्रत्येक शेतकऱ्यापर्यंत पोचवा' हे आलंच. पुढे ढकलणाऱ्यांना कायदा उघडून बघायला सवड झाली नाही. आता पेरणीच्या तोंडावर मामांना दुकानातून महागाच्या बॅगा घ्याव्या लागणार.

बियाण्याचा मुद्दा सगळ्यात घातक, म्हणून तोच आधी. 1995 पासून लागू असलेल्या ट्रिप्स कराराच्या, म्हणजे व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदेबद्दलच्या कराराच्या, कलम 27.3(ब) मध्ये एवढंच आहे की पिकांच्या वाणांना संरक्षण द्या. ते पेटंटने द्या, स्वतःची वेगळी परिणामकारक व्यवस्था उभारून द्या, किंवा दोन्ही मिळून द्या. भारताने वेगळी व्यवस्था उभारली. आपल्या पेटंट कायद्यात बियाण्यावर आणि वाणावर पेटंट मिळतच नाही. त्याऐवजी 2001 साली संसदेने पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा केला. त्याच्या कलम 39 नुसार, संरक्षित वाणाचं बियाणंसुद्धा शेतकरी पूर्वीप्रमाणेच साठवू शकतो, वापरू शकतो, पेरू शकतो, पुन्हा पेरू शकतो, शेजाऱ्याशी अदलाबदल करू शकतो, कुणाला देऊ शकतो आणि विकूही शकतो. अट एकच: त्या संरक्षित वाणाचं लेबल लावलेल्या पिशवीत भरून, ब्रँडेड म्हणून विकायचं नाही. त्याच कलमात असंही आहे की नोंदणीकृत वाणाने कंपनीने सांगितल्याप्रमाणे उत्पन्न दिलं नाही, तर शेतकरी या कायद्याखालच्या प्राधिकरणाकडे नुकसानभरपाई मागू शकतो. हे मात्र कुणी पुढे पाठवत नाही.

मामा म्हणाले, 'मग कपाशीची बॅग दरवर्षी का घ्यावी लागते?' ती संकरित असते म्हणून. संकरित पिकाचं बी पुढच्या वर्षी पेरलं तर झाडं एकसारखी येत नाहीत, उत्पन्न घटतं. तो निसर्गाचा नियम आहे, जिनिव्हातल्या व्यापार संघटनेचा नाही. सोयाबीन सरळ वाणाचं पीक आहे, त्याचं बी दोन-तीन वर्षं सहज वापरता येतं. आपला कृषी विभागच दरवर्षी सांगतो की घरचं बियाणं वापरा, ओल्या गोणपाटावर 100 दाणे ठेवून उगवण तपासा, 70 किंवा त्याहून जास्त उगवले तर बिनधास्त पेरा. जे करायला सरकारच सांगतंय, तो गुन्हा कसा होईल?

तुरुंगाची भीती कुठून आली असेल, तेही सांगते. 2019 मध्ये अकोल्यातल्या अकोटला शेतकरी संघटनेने तणनाशक-सहनशील, म्हणजे एचटीबीटी कपाशी उघडपणे पेरली आणि गुन्हे दाखल झाले. ते मंजुरी नसलेलं जनुकीय बियाणं पेरल्याबद्दल होते, पर्यावरण संरक्षण कायद्याखाली. तो कायदा 1986 चा, म्हणजे व्यापार संघटना जन्मायच्या आधीचा. कुठलं कुठे नेऊन जोडलंय बघा.

गुजरातचं प्रकरण खरं आहे, तुरुंग खोटा आहे. 2019 मध्ये पेप्सिकोने वेफर्सच्या बटाट्याच्या वाणावरून शेतकऱ्यांवर दिवाणी दावे लावले. साबरकांठ्यातल्या चौघांकडे तर प्रत्येकी एक कोटीहून जास्त रक्कम मागितली. देशभर संताप उसळला आणि मे महिन्यात दावे मागे घेतले गेले. शेतकऱ्यांच्या बाजूने पुढे केलं गेलं ते हेच कलम 39. त्या वाणाच्या नोंदणीचा वाद पुढे चालला. 2021 मध्ये प्राधिकरणाने नोंदणी रद्द केली, 2024 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. पण त्यामुळे शेतकऱ्याचा हक्क गेलेला नाही.

कांद्याचं तर सरळ उलटं आहे. 8 डिसेंबर 2023 ची निर्यातबंदी दिल्लीने घातली आणि 4 मे 2024 ला दिल्लीनेच उठवली. व्यापार संघटनेच्याच गॅट या व्यापार कराराचं कलम 11 अशा निर्यातबंदीला मुळात मनाई करतं, अन्नधान्याची गंभीर टंचाई असेल तेव्हा तात्पुरती सवलत देतं. लासलगावच्या शेतकऱ्याचं जे नुकसान झालं, त्याचा जाब दिल्लीला विचारायचा. जिनिव्हाकडे बोट दाखवलं की दिल्ली सुटते.

हळद: अमेरिकेने जखम भरण्यासाठी हळद वापरण्यावर 1995 मध्ये पेटंट दिलं होतं. शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने त्याला आव्हान दिलं आणि 1997 मध्ये ते रद्द झालं. विषय संपला.

आता एक गोष्ट नाइलाजाने मान्य करते. बियाण्यावरचा धोका कल्पनेतला नाही, फक्त तो या मजकुरात सांगितलाय तिथे नाही. भारत यूपोव्ह या आंतरराष्ट्रीय वाण-संरक्षण संघटनेचा सदस्य नाही. तिच्या 1991 च्या करारात स्वतःच्या शेतावर घरचं बी पुन्हा पेरण्याची मुभा द्यायची की नाही, हे त्या त्या देशाच्या मर्जीवर आहे, आणि शेजाऱ्याला बी देण्या-विकण्याला त्या सवलतीत जागाच नाही. श्रीमंत देश मुक्त व्यापार कराराच्या वाटाघाटींत याच करारात सामील होण्याचा आग्रह धरतात. भारताने तो मानला तर कलम 39 टिकणार नाही. तेव्हा असा मजकूर पाठवायला वेळ असलेल्यांनी तोच वेळ आपल्या खासदाराला पत्र लिहायला द्यावा: सध्या ज्या ज्या देशांशी बोलणी चालू आहेत, त्या मसुद्यांत बियाण्याबद्दल काय लिहिलं आहे?