टायर बाहेर, दाजी आत

गाडीच्या सगळ्या अवयवांत मडगार्ड हा एकटाच परोपकारी. दिवा लावला की मालकाला दिसतं, भोंगा वाजवला की मालकाला वाट मिळते, काच वर केली की मालकाचं डोकं कोरडं राहतं. मडगार्ड मात्र मालकानं स्वतःच्या पैशानं बाळगायचं आणि त्याचा फायदा कुणाला, तर मागनं येणाऱ्या अनोळखी माणसाच्या शर्टाला. असला धर्मादाय प्रकार कायद्यानं मानगूट धरल्याशिवाय कोण करणार? म्हणून देशोदेशीच्या सरकारांनी चाक झाकायची सक्ती केली. आणि म्हणूनच जीप ‘मॉडिफाय’ करायला घेतली की पहिला बळी मडगार्डचा जातो.

हे ज्ञान मला आमच्या मेव्हण्यानं दिलं. त्यानं एक जुनी उघडी जीप घेतली. तिच्या अंगावरचे पोचे बघता पूर्वायुष्यात ती वडापला, म्हणजे माणशी भाडं घेऊन प्रवासी भरायला, चालत असावी. आत डझनभर, मागं लटकलेले वेगळे. कारखान्यातनं निघाली तेव्हा तिला ६.००-१६ चे टायर होते, म्हणजे जेमतेम सहा इंच रुंदीचे. मेव्हण्याला हे बघून लाज वाटली. त्याच्या मते एवढ्या बारक्या पायांवर एवढं धूड म्हणजे पैलवानाला शाळकरी पोराची चप्पल. त्यानं कोल्हापूरच्या उद्यमनगरात, म्हणजे कारखान्या-गॅरेजांच्या वस्तीत, नेऊन तिला ३१ बाय १०.५० चे, म्हणजे साडेदहा इंच रुंदीचे टायर चढवले, पंधराच्या रिमा घातल्या, त्याही बाहेर काढलेल्या. आधी ज्या मडगार्डाखाली चाक गुमान बसायचं, तिथनं आता ते निम्मं बाहेर डोकावायला लागलं. या जुन्या जीपची पुढची मडगार्डं सपाट असतात, त्यावर चहाचे ग्लास ठेवून चांगल्या गप्पा होतात. गॅरेजात त्यांचा तेवढाच उपयोग उरला.

मग आषाढात गगनबावड्याला जायचं ठरलं. खरं तर आमच्या जिल्ह्यात पावसात गगनबावड्याला जायचं म्हणजे पाऊस बघायला नव्हे, त्याच्या पोटात शिरायला. पण जीपला चिखल दाखवायचा होता.

“दाजी, तुमी पुढं बसा की. मान तुमचा.”

जावयाचा मान ही गोष्ट सासुरवाडीत किती जपून घ्यावी, हे लग्नाला एवढी वर्षं झालेल्या माणसाला सांगायला नको. पण बसलो. बालिंगा गेलं, कळे गेलं, तोवर डांबर होतं. पाणी उडत होतं, ते बाजूच्यांच्या अंगावर. शेतात रोपलावण चाललेली, बांधावरनं इरली घेतलेली माणसं आमच्याकडं कौतुकानं बघत होती, निदान आम्ही जवळ येईपर्यंत. दोन्हीकडं किटल्या अडकवून डेअरीला निघालेल्या एका दूधवाल्याला आम्ही ओलांडलं, तेव्हा त्यानं आमच्या सात पिढ्यांची जी विचारपूस केली, ती इथं छापता येणार नाही. मेव्हणा म्हणाला, “जळतंय त्याचं.” ते जळत नव्हतं, गळत होतं. चांगलं पांढरं धोतर होतं हो त्याचं.

पुढं कच्ची वाट लागली आणि मला विज्ञान कळलं. गाडी ज्या वेगानं जाते, त्याच्या दुप्पट वेगानं टायरचा माथा पुढं जात असतो. त्या माथ्याला चिकटलेला चिखल सुटला की पुढं आणि वर उडतो. मग हवा त्याचा वेग खाते, तो अधांतरी रेंगाळतो आणि आपण मागनं येऊन त्याला आपलं तोंड देतो. वर मडगार्ड असलं तर हा सगळा व्यवहार पत्र्याखाली मिटतो. नसलं तर चिखल हवेत जातो आणि पुढच्या सीटवरच्या मानकऱ्याच्या मांडीत उतरतो. गगनबावड्याचा चिखल जांभ्याचा, तांबडा. पहिला गोळा चष्म्यावर बसला. तो पुसायला हात वर केला, तर दुसरा बाहीत शिरला आणि कोपरापर्यंत निवांत खाली गेला. मडगार्ड परोपकारी असतं असं मी वर म्हटलंय, त्यात एवढी दुरुस्ती करून घ्यावी: उघड्या जीपमध्ये ते दाजींवरही उपकार करतं.

खरा घोळ सुरू झाला तो पासिंगला. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, त्यानंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी वाढवून घ्यायची. जीपची तारीख आली. तपासणीला आलेल्या साहेबांनी बोनेट उघडलं नाही, की दिवे लावून बघितले नाहीत. गाडीच्या मागं जाऊन उभे राहिले, एक डोळा मिटला आणि म्हणाले,

“टायर आत घ्या, मग या.”

“आत घ्या म्हणजे?” मेव्हणा बाहेर आल्यावर मला म्हणाला. “टायर काय कुत्रं हाय व्हय, हाक मारल्यावर आत यायला? दाजी, तुमी शिकलेले. बघा बरं कायदा काय म्हणतोय.”

बघितलं. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: नोंदणी पुस्तकातला तपशील कारखान्यानं ठरवलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही, असा बदल मालकानं गाडीत करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हेच आणखी ठासून सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२-अ आलं: नियमात न बसणारा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही.

हे मी मिसळ खाताना वाचून दाखवलं, ही वेळ चुकीची होती. मेव्हण्याचा पाव हातातच राहिला. कैदेचं त्याला काही वाटलं नाही (त्याच्या बायकोलाही वाटलं नाही, सहा महिने म्हणजे बरोबर सुगीपर्यंत परत येतील, असा तिचा हिशेब). पण ‘प्रत्येक बदलाला’ या दोन शब्दांनी तो कासावीस झाला. “चार टायर म्हणजे चार बदल, का एकच?” शेजारच्या टेबलावरच्या माणसानं, आमची ओळखदेख नसताना, निकाल दिला की टायर हा एक बदल, रिम हा दुसरा. दुसरा कोण तरी म्हणाला, स्टेपनी पण धरा. कटाची वाटी दोनदा भरून झाली तरी हा खटला मिटला नाही.

“पण अमेरिकेत चालतंय की!” हा मेव्हण्याचा हुकमी एक्का. त्याच्या मोबाईलमध्ये तिकडच्या जीप सदानकदा दगडांवर चढत असतात, टायर हातभर बाहेर काढून. मग मला अमेरिका वाचावी लागली. तिकडं राज्याराज्यांत वेगळा नियम. कॅलिफोर्नियात चाकानं उडणारं पाणी आणि चिखल कमी करणारं मडगार्ड किंवा फ्लॅप लागतोच. वॉशिंग्टन राज्यातही लागतो, पण तिथं एक सवलत सापडली: हौसेनं जपलेली, चाळीस वर्षांपेक्षा जुनी गाडी मडगार्डाविना चालवता येते. मेव्हणा उठून उभा राहिला. मी पुढची ओळ वाचली: फक्त चांगल्या हवेत, आणि उत्तम राखलेल्या पक्क्या रस्त्यावर.

तो पुन्हा खाली बसला. चांगली हवा आम्ही देऊ शकतो, दिवाळीनंतर. दुसऱ्या अटीबद्दल कोल्हापूरकरानं तोंड उघडू नये.

युरोपवाल्यांचं मात्र मला आवडलं. ते ‘साधारण झाकलेलं असावं’ अशी मोघम भाषा करत नाहीत. चाकाच्या मध्यातनं सरळ वर रेघ ओढा; तिच्या पुढं ३० अंश आणि मागं ५० अंश, एवढ्या पट्ट्यात टायरची पूर्ण रुंदी झाकली गेली पाहिजे. मडगार्डाची मागची कड चाकाच्या मध्यापेक्षा १५० मिलिमीटरहून जास्त वर संपता कामा नये. मागं जास्त का, तर घाण मागं जास्त उडते म्हणून. हिशेब स्वच्छ.

पोरीच्या कंपासपेटीतला कोनमापक घेऊन मी उद्यमनगरात गेलो. ज्या गल्ल्यांत ऑइल इंजिनाचे भाग ओतून, घासून, जोडून देण्यात माणसांच्या हयाती गेल्या, तिथं प्लास्टिकचा कोनमापक काढणं हे धाडसच. मिस्त्रीनं तो हातात घेतला, उलटा-सुलटा केला, चाकाच्या मध्यावर धरला. पाठीमागच्या पोराला हाक मारून खडू मागवला, टायरवर दोन रेघा मारल्या आणि हिशेब केला.

“तीस आणि पन्नास. म्हणजे ऐंशी. चार चाकांचे तीनशे वीस अंश. पत्र्यात करू का रबरात?”

रबरात केलं. काम देखणं झालं, यात वाद नाही. चाकांवर काळी रुंद झालर आली, टायर सगळा तिच्या सावलीत. मी स्वतः खडूच्या रेघेशी डोळा लावून बघितलं, युरोपनं नाव काढलं नसतं. आम्ही छाती काढून परत साहेबांपुढं.

साहेबांनी परत एक डोळा मिटला. “झाकलंय छान. हे कारखान्यानं दिलंय का?”

“न्हाई साहेब, उद्यमनगरात केलंय.”

“मग हा अजून एक बदल.”

मेव्हण्यानं माझ्याकडं बघितलं, मी खिशातल्या कोनमापकाकडं. एका बेकायदेशीर टायरला झाकायला आम्ही बेकायदेशीर मडगार्ड केलं होतं, आणि मिसळीच्या टेबलावर जुळवलेल्या बेरजेत आणखी पाच हजार मिळवायला लागत होते. साहेब मात्र शांत होते. गाडी आली तशी करून आणा, म्हणाले, मी लगेच सही करतो. माणूस सरळ होता, त्यामुळं त्याच्यावर चिडायचीही सोय राहिली नाही.

आली तशी करायची म्हणजे ६.००-१६ शोधायचे. जुने टायर मेव्हण्यानं केव्हाच फुंकले होते. टायरच्या दुकानात त्यानं दबक्या आवाजात माप सांगितलं. दुकानदारानं खणखणीत आवाजात विचारलं, “ट्रॅक्टरची पुढची व्हय?” गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. हा घाव त्याला दंडापेक्षा खोल लागला.

बारके टायर चढले, पासिंग झालं. मोठे कुठं ठेवायचे, हा प्रश्न आला तेव्हा जावयाचा मान पुन्हा उपयोगी पडला. आमची गच्ची मोकळी आहे, असं बायकोनं परस्पर सांगून टाकलं. चारही टायर गच्चीवर चढवताना माझ्या कमरेचं जे झालं, ते वेगळंच प्रकरण.

पंधरवड्यानं डेंग्यूच्या सर्वेक्षणाला आरोग्य खात्यातल्या ताई आल्या. फ्रिजच्या मागचा ट्रे बघितला, कुंड्या बघितल्या, मग गच्चीवर गेल्या. टायरात पावसाचं पाणी साठलेलं. त्यांनी बॅटरी मारली, पाण्यात अळ्या वळवळत होत्या.

“दादा, टायर उघडे ठेवायचे नसतात. झाकायचे असतात. एवढं पण माहीत नाही?”

मी तिथनंच मेव्हण्याला फोन लावला. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, “दाजी, इचारा की त्यास्नी, किती अंश?”