ब्याऐंशी लाख ठिपके आणि एक मात्रा

नारायण पेठेत जिन्याखाली माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्न, मुंज, वास्तुशांत, एकसष्टी, झालंच तर तेराव्याचं कार्ड. माणसाच्या आयुष्यातलं जे काही छापण्याजोगं असतं ते आमच्याकडे जुळवून मिळतं. वीस वर्षं एकाच सॉफ्टवेअरवर काम चाललंय. ते आता कुणी विकत नाही आणि दुरुस्तही करत नाही. पण युनिकोडच्या, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेतांच्या, आधीचे सगळे फॉन्ट त्यातच नीट उमटतात, आणि माझ्याकडच्या हजारभर जुन्या पत्रिका त्याच फॉन्टात आहेत. नव्या सॉफ्टवेअरात त्यातली एखादी उघडली की 'श्री गजानन प्रसन्न'च्या जागी डॉलर, कंस आणि उद्गारचिन्हं प्रसन्न होतात.

मुलगा बंगळुरूला असतो. दिवाळीत त्याने लॅपटॉप आणला. "बाबा, फोर-के आहे. १५.६ इंचांत ३८४० बाय २१६०. तुमच्या जुन्या मॉनिटरवर डोळे फुटायची वेळ आली होती." मी गुणाकार केला. ८२,९४,४०० ठिपके! आमचा सगळा धंदाच ठिपक्यांचा, त्यामुळे मनापासून आनंद झाला. भाऊबीज आटोपून तो गेला आणि मी दुकान उघडलं.

सॉफ्टवेअर सुरू झालं. वरच्या मेनूतली अक्षरं छान टपोरी होती. डावीकडे मात्र, जिथे हत्यारांची पेटी असते, तिथे मुंग्यांची रांग लागली होती. जवळ गेलो तर मुंग्या नव्हत्या. बाण होता, कात्री होती, 'टी' होता. बाण म्हणून कात्री दाबली जायची. काम बंद करायला गेलो तर चौकट आली, तिच्यात अक्षरं मोठी आणि बटणं लहान. पहिल्या बटणावर 'सेव्ह' मावलं होतं. दुसऱ्यावर 'डोन्ट सेव्ह'मधलं नुसतं 'डोन्ट'. तिसऱ्यावर 'कॅन'. आता डोन्ट आणि कॅन यांतून निवड करायची, म्हणजे आमच्या घरातलीच परिस्थिती.

छपाईत रंगाचे ठिपके नीट बसलेत का हे बघायला आम्ही भिंग वापरतो. तेच काढलं आणि पडद्याला लावलं. एका डोळ्याने भिंगात बघत, श्वास रोखून माउस हलवत होतो, तेवढ्यात एक गृहस्थ चपला काढून आत आले. बाहेरच्या पाटीवर 'पत्रिका करून मिळतील' असं लिहिलंय, आणि आत भिंग घेऊन वाकलेला माणूस. त्यांनी मुलीची जन्मवेळ सांगितली आणि विचारलं, "मंगळ आहे का हो?" मी म्हटलं, "सध्या माझ्याकडे आहे."

घरी जेवताना हे सगळं सौ.ला सांगितलं. ती अंगणात रोज रांगोळी काढते. म्हणाली, "अहो, यात कॉम्प्युटरचं काय? ठिपके जवळजवळ घातले की रांगोळी लहानच होणार. पंधरा ते आठ ठिपक्यांचं कमळ चार बोटांच्या जागेत काढा, बटाटेवड्याएवढं होईल."

इंजिनिअर मुलाने फोनवर अर्धा तास जे समजावलं ते एवढंच होतं. जुनं सॉफ्टवेअर इंच मोजत नाही, ठिपके मोजतं. १९८४ च्या अ‍ॅपलच्या मॅकिंटॉश कॉम्प्युटरच्या पडद्यावर इंचाला ७२ ठिपके होते, छपाईतल्या ७२ पॉइंटांशी जुळणारे. पुढे दुसऱ्या, विंडोजवाल्या गोटाने ९६ धरले, आणि तोच ९६ चा आकडा माझ्या सॉफ्टवेअरच्या मनगटावर गोंदलेला आहे. त्याच्या हिशेबाने १६ ठिपक्यांचं चित्र म्हणजे सव्वाचार मिलिमीटर. माझ्या नव्या पडद्यावर इंचाला २८२ ठिपके बसतात. तेच चित्र दीड मिलिमीटरचंही भरत नाही. मोहरी यापेक्षा बरी, निदान फोडणीत तडतडते.

मुलाने उपायही सांगितला. आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी, मग हाय डीपीआयची, म्हणजे इंचातल्या दाट ठिपक्यांसाठीची, खूण. केलं. चित्रं मोठी झाली, पण सगळा पडदा असा दिसू लागला की चष्म्यावर भज्यांचं तेल उडालंय. दोनदा चष्मा पुसला. कॉम्प्युटर खरं तर जुन्या हिशेबाने लहान चित्र काढून घेतो आणि मग ते ताणतो. लग्नात मिळालेला शर्टपीस ताणून ताणून अंगात बसवावा तसं. पण काहीतरी दिसत तरी होतं, आणि तुळशीचं लग्न होऊन गेलं होतं. पत्रिकांची रीघ लागलेली. त्या धुरकट पडद्यावरच काम उरकायला लागलो.

सदाशिव पेठेतल्या एका घरची पत्रिका होती. घरचे नेमके शुद्धलेखनवाले. मुलाचे वडील प्रूफ बघायला आले आणि दुकानातच कागद उलगडला. त्यांनी वाचलं, काकांनी वाचलं, मीही परत एकदा वाचलं. सगळं बरोबर. मग त्यांनी कागद सोबत आलेल्या आजींच्या हातात दिला. आजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. त्यांनी चष्मा न लावता कागद हातभर लांब धरला आणि शेवटच्या ओळीवर थांबल्या.

"काय हो," त्या म्हणाल्या, "आम्ही शाकाहारी आहोत."

मी कागद घेतला. खाली, दोन फुलांच्या मध्ये, सुबक अक्षरांत ओळ होती: 'आपली उपस्थिती हाच आमचा आहार.'

पडद्यावर 'ह'च्या डोक्यावरची मात्रा आणि शेजारचा काना सारखेच पुसट डाग दिसत होते. मला 'आहेर' वाटला होता. मुलाचे वडील हसले नाहीत. काका बाहेर जाऊन हसले. आजी म्हणाल्या, "बरं झालं छापलं नाहीत, नाहीतर कार्यालयाच्या दारातून पाहुणे परत गेले असते."

त्या संध्याकाळी मी लॅपटॉपचं रिझोल्यूशन १९२० बाय १०८० केलं. मुंग्यांची हत्यारं झाली, 'डोन्ट'च्या पुढचं 'सेव्ह' दिसायला लागलं. आता एका ठिपक्याचं काम चार ठिपके मिळून करतात, सरकारी कचेरीसारखं.

परवा मुलाचा फोन आला. "बाबा, फोर-के कसं वाटतंय?"

"झकास," मी म्हटलं. "अगदी जुन्या मॉनिटरसारखं दिसतंय."