कॅम्पसचं गेट कुणासाठी?

गेले काही दिवस आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच विषय पेटलाय, नवी मुंबईतली एज्युसिटी. २०२५ च्या जूनमध्ये मुंबईत कार्यक्रम झाला, ॲबर्डीन, यॉर्क, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि इटलीतली एक डिझाइनची संस्था अशा पाच जणांना इरादापत्रं मिळाली, आणि नव्या विमानतळाजवळ सिडकोच्या जमिनीवर परदेशी युनिव्हर्सिट्यांचं एक अख्खं शहरच उभं राहणार असं जाहीर झालं. तेव्हापासून माझा मामेभाऊ नुसता उड्या मारतोय, आता आपली पोरं तुमच्यासारखी कर्ज काढून अमेरिकेला जायची गरज नाही, पनवेलहून रिक्षाने जातील ऑक्सफर्डला वगैरे. (ऑक्सफर्ड त्या यादीत नाही, पण ते असो.) आणि मग त्याने मलाच टॅग केलं, तू न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये राहतेस, कोलंबिया युनिव्हर्सिटीने तिथला एरिया कसा चमकवला ते सांग मामाला, म्हणजे त्यांची शंका फिटेल.

तर सांगते. पण ज्या बाजूने सांगावं असं त्याला वाटतंय त्या बाजूने नाही सांगता येणार मला.

मी बारा वर्षं झाली इथे, १२५ नंबरच्या रस्त्यापासून चालत पाच मिनिटांवर. ट्रेन इथे जमिनीखालून वर येते आणि उंच लोखंडी कमानीवरून जाते, खाली उभं राहिलं की बोलणं थांबवावं लागतं. त्या कमानीच्या पश्चिमेला नदीपर्यंतचा जो पट्टा आहे तो मॅनहॅटनव्हिल. पूर्वी तिथे गॅरेज होती, गोडाऊनं होती, मांसाचे होलसेलवाले होते, थोडी बिऱ्हाडंही होती. आता तिथे सगळं काचेचं आहे. रेन्झो पियानो या आर्किटेक्टने आखलेली मेंदूविज्ञानाची मोठी बिल्डिंग, २०२२ मध्ये तिथे हलवलेलं बिझनेस स्कूल, मधे झाडं लावलेला चौक. संध्याकाळी तिथे बसलं की छान वाटतं, हे मी खोटं बोलणार नाही. तळमजले मुद्दाम सगळ्यांसाठी उघडे ठेवलेत, कुंपण नाही, आमच्या बिल्डिंगमधल्या म्हाताऱ्या बायका उन्हाळ्यात तिथेच गप्पा मारत बसतात.

पण ते झालं कसं, ते माझ्या भावाला माहीत नाही आणि इथे शिकायला येणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांनाही माहीत नसतं. सतरा एकर जागा हवी होती कोलंबियाला. वर्षानुवर्षं एकेक प्लॉट विकत घेत गेले, आणि ज्यांना विकायचंच नव्हतं त्यांच्यासाठी राज्य सरकारची ताकद वापरायची तयारी ठेवली. इथे त्याला एमिनंट डोमेन म्हणतात, म्हणजे आपलं भूसंपादनच. त्यासाठी आधी तो भाग मोडकळीला आलाय असं कागदावर सिद्ध करावं लागतं, आणि ते सिद्ध करायला सरकारने नेमली ती कन्सल्टंट कंपनी आधीपासून कोलंबियाचं काम करत होती. जागामालक म्हणत होते की अहो यातल्या बहुतेक बिल्डिंगा तुम्हीच घेऊन रिकाम्या ठेवल्या, मग मोडकळीला आणलं कोणी? एका गोडाऊनवाल्याने केस केली आणि दुसरी केस केली एका पंजाबी कुटुंबाने, त्यांचे तिथे पेट्रोल पंप होते, आज कायद्याच्या पुस्तकात तो निकाल कौर या नावानेच ओळखला जातो. डिसेंबर २००९ मध्ये खालच्या अपील कोर्टात ते जिंकले, ३ विरुद्ध २ असे. सहा महिन्यांनी, जून २०१० मध्ये राज्याच्या सर्वोच्च कोर्टाने तो निकाल फिरवला आणि डिसेंबरमध्ये वॉशिंग्टनच्या सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. संपलं.

म्हणजे "तिकडे कसं सगळं रीतसर होतं" हे जे आपण इथून तिकडे आणि तिकडून इथे एकमेकांना सांगत असतो ना, ते मला आता ऐकवत नाही. जमीन घेताना भाषा सगळीकडे सारखीच असते, सार्वजनिक हित, रोजगार, विकास, उद्याची पिढी. आणि जे उठतात तेही सगळीकडे सारखेच असतात.

तरीही एक फरक आहे आणि तो मोठा आहे, तोच मला सांगायचाय. इथे शहराची मंजुरी मिळण्याआधी प्लॅन कम्युनिटी बोर्डापुढे, म्हणजे वस्तीतल्या लोकांच्या सल्लागार मंडळापुढे, यावा लागतो. आमचा बोर्ड नंबर ९. २००७ च्या ऑगस्टमध्ये त्या बोर्डाने प्लॅनच्या विरोधात मत दिलं, ३२ विरुद्ध २. बोर्डाचं मत फक्त सल्ला असतो, बंधनकारक नसतो, त्यामुळे डिसेंबरमध्ये सिटी कौन्सिलने मंजुरी दिलीच. पण त्या गदारोळामुळे कोलंबियाला दोन गोष्टी कबूल कराव्या लागल्या. राहत्या घरांवर एमिनंट डोमेन वापरणार नाही, ही एक. आणि दुसरी, मे २००९ मध्ये सही झालेला करार, १५ कोटी डॉलरचा. त्यात वस्तीच्या फंडासाठी ७.६ कोटी, परवडणाऱ्या घरांसाठी २ कोटी, वकिलांच्या मदतीसाठी वेगळी रक्कम, आणि एक सरकारी शाळा. ती शाळा खरंच झाली, २०११ मध्ये सुरू झाली, शेजारची मुलगी जाते तिथे, सकाळी लिफ्टमध्ये भेटते आणि पाठ केलेली कविता म्हणून दाखवते.

फंडाचं मात्र लगेच सुरळीत झालं नाही. तो सांभाळणाऱ्या स्थानिक संस्थेच्या कारभाराची पुढे राज्याच्या ॲटर्नी जनरलने चौकशी केली, घडी नव्याने बसवावी लागली. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण करार झाला म्हणजे भागलं असं कोणी समजू नये. कागदावर लक्ष ठेवणारी माणसं पाहिजेत, आणि ती दमली तरी त्यांच्या जागी दुसरी उभी राहिली पाहिजेत. मी मागच्या वर्षी बोर्डाच्या एका मीटिंगला गेले होते, चर्चच्या तळघरात, घडीच्या खुर्च्या. प्रत्येकाला माईकवर दोन मिनिटं. माझ्या पुढे एक सत्तरीच्या बाई होत्या, त्यांनी घडी घातलेला कागद पर्समधून काढला आणि करारातली कलमं नंबरासकट वाचून विचारलं की हे काम कुठवर आलं, तारीख सांगा. दोन मिनिटं संपली, बेल वाजली, त्या शांतपणे बसल्या. पुढच्या महिन्यात पुन्हा येणार म्हणाल्या.

आता कोलंबियाचं नाव घेतलं की आपल्याला बाबासाहेब आठवतात, आठवलेच पाहिजेत. १९१३ ते १९१६ बाबासाहेब इथे होते, लेहमन लायब्ररीत त्यांचा अर्धपुतळा आहे, भारतातून कोणी आलं की मी आधी तिथे नेते. माझ्या मामाने व्हिडिओ कॉलवर त्या पुतळ्याला हात जोडले होते. म्हणून मला युनिव्हर्सिटी नको असं अजिबात वाटत नाही, माझ्यासारख्या गावातल्या पोरीला इथवर शिक्षणानेच आणलं. पण बाबासाहेबांना इथे येता आलं ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीमुळे, दार कोणीतरी बाहेरून उघडून धरलं होतं म्हणून. आज इथली एका वर्षाची नुसती ट्यूशन फी ६५ हजार डॉलरच्या वर आहे. आणि २०२३ च्या यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमांनी परदेशी युनिव्हर्सिट्यांना भारतात फी आणि प्रवेशाचे निकष आपले आपण ठरवायची मोकळीक दिलीय. मग पनवेलहून रिक्षाने जाता येईल हे खरं, पण आत शिरता येईल का?

दाराचं बोलतेच आहे तर एक सांगते. आमच्या जुन्या कॅम्पसमधून ११६ नंबरचा रस्ता आरपार जातो. १९५३ मध्ये शहराने तो रस्ता कोलंबियाला दिला, पण चालणाऱ्या लोकांची वाट मोकळी राहील या अटीवर. सत्तर वर्षं लोक तिथून ब्रॉडवेवरून ॲम्स्टरडॅम ॲव्हेन्यूला जात होते, मीही बाबागाडी ढकलत जायचे. २०२४ च्या विद्यार्थ्यांच्या आंदोलनानंतर गेटं बंद झाली, ओळखपत्र असलेल्यांनाच प्रवेश. व्हीलचेअरवरच्या माणसालाही आख्खा वळसा. शेवटी शेजाऱ्यांनी कोर्टात दावा लावला. आणि दावा लावता आला कशामुळे, तर त्या अटीचा कागद होता म्हणून.

आणि याच्याही आधीची गोष्ट, १९६८ ची. मॉर्निंगसाइड पार्क ही सार्वजनिक बाग, तिच्या उतारावर कोलंबियाने जिम बांधायला घेतली. विद्यार्थ्यांचं दार वर टेकडीवर, हार्लेमच्या लोकांसाठी दार खाली मागच्या बाजूला, आणि त्यांच्या वाट्याला जिमचा लहानसा भाग. त्यावरून आग पेटली, विद्यार्थी आणि हार्लेमकर मिळून उठले, बिल्डिंगा ताब्यात घेतल्या, काम थांबलं ते कायमचं. खणलेला खड्डा कित्येक वर्षं तसाच होता, पुढे त्याचं तळं केलं. मुलाला घेऊन मी दर रविवारी तिथे जाते, कासवं दगडावर ओळीने ऊन खात बसतात.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं तेव्हा भाऊ म्हणाला, म्हणजे तुझा विरोधच आहे. नाही रे बाबा. माझं म्हणणं एवढंच आहे की जमीन हातात असताना, पहिली वीट लागायच्या आधी, लिहून घ्या. गावातल्या किती मुलांना फीमाफी, किती वर्षं, लायब्ररी आणि मैदान गावाला कधी उघडं, नोकऱ्या म्हणजे फक्त सिक्युरिटी आणि हाउसकीपिंग की लॅबमध्ये आणि ऑफिसमध्येसुद्धा, आणि नाही पाळलं तर काय. इथे कोलंबिया प्रॉपर्टी टॅक्स जवळपास भरत नाही, २०२३ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने हिशोब मांडला होता, कोलंबिया आणि न्यूयॉर्क युनिव्हर्सिटी मिळून वर्षाला ३० कोटी डॉलरच्या वर सूट. आपल्याकडेही स्वस्त जमीन, सवलती हे सगळं देणारच असतील, तर मग त्या बदल्यात गावाला काय, हा प्रश्न विचारणं म्हणजे विकासाला विरोध करणं कसं होतं?

आणि हे नवी मुंबईला मी शिकवायची गरजच नाही. १९७० मध्ये सिडको आली, ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायच्या ठरल्या, आमच्या आजोबांची भातखाचरं त्यातच गेली. १९८४ च्या जानेवारीत उरण तालुक्यात पोलिसांचा गोळीबार झाला, पाच माणसं गेली. दि. बा. पाटलांच्या मागे लोक उभे राहिले म्हणून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचं धोरण आलं, विमानतळाच्या वेळी तेच साडेबावीस टक्क्यांपर्यंत गेलं. हार्लेमच्या लोकांनी जे कागदावर मिळवलं त्याच्या कितीतरी आधी आमच्या लोकांनी रक्त सांडून मिळवलेलं आहे ते. मामा तेव्हा एकवीस वर्षांचा होता, त्या आंदोलनात होता. म्हणून तो जेव्हा शंका काढतो तेव्हा तो जुन्या विचारांचा आहे असं समजू नका, त्याने आख्खं शहर आपल्या शेतावर उभं राहताना पाहिलंय.

मामाने इतके दिवस ग्रुपवर काहीच लिहिलं नव्हतं. परवा रात्री त्याचा व्हॉइस मेसेज आला, मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. "बाय, मला एवढंच सांग, तुझ्या त्या कराराचा कागद मराठीत मिळेल का? ग्रामस्थ मंडळाच्या मीटिंगला घेऊन जातो."

कागद इंग्रजीत आहे, बराच लांब आहे आणि वकिली भाषेत आहे. शाळेचं आणि घरांचं कलम मी कालपासून मराठीत करायला घेतलंय, दोन पानं झालीत.