स्वर्गाच्या दारावर पहारा कसा द्यावा

आयुष्यात काहीच जमलं नाही म्हणून खंत करत बसला असाल तर आधी ती सोडा. एक पद कायम रिकामं असतं. कोण स्वर्गात जाणार आणि कोण नाही, हे ठरवणाऱ्याचं. परीक्षा नाही, मुलाखत नाही, निवृत्तीचं वयही नाही. आणि निकाल चुकला म्हणून कुणी जाब विचारायला येईल ही भीती तर मुळीच नको. ज्याचा निकाल लावायचा तो परत येऊन सांगणार थोडाच आहे!

तर पहिलं काम म्हणजे कसोटी निवडणं. दोनच आहेत, श्रद्धा आणि सत्कर्म. निवडण्याआधी एकदा आरशात बघून घ्यावं. पूजा-प्रार्थना नेमाने होते, पण शेजारी कुणी आजारी पडलं की नेमकं आपल्यालाच काम निघतं? मग श्रद्धा. देणगीच्या फलकावर नाव लागलंय, पण डोळे मिटून पाच मिनिटं बसलं की चुळबुळ सुरू होते? मग सत्कर्म. ज्या विषयात आपण पास, तोच विषय सगळ्या जगाला सक्तीचा करायचा.

घरच्या माणसांना सवलत असते, हे काय सांगायला हवं?

दुसरं, ग्रंथ वाचावेत, पण कुठे थांबायचं ते कळलं पाहिजे. खरं कसब इथेच आहे. श्रद्धावाल्यांनी अजामिळाची गोष्ट जरूर सांगावी. जन्मभर पाप केलेला माणूस मरणाच्या भीतीने धाकट्या मुलाला 'नारायण' अशी हाक मारतो आणि यमदूतांना हात हलवत परत जावं लागतं. इथे थांबा. भागवतात पुढे अजामिळ ओशाळतो, घरदार सोडून गंगाद्वाराला जातो, तिथे साधना करतो आणि मगच वैकुंठाला जातो, हे कुणी विचारल्याशिवाय सांगू नये. गीतेतही तेच. कितीही दुराचारी असो, अनन्यभावाने भजत असेल तर त्याला साधूच मानावं, हा नवव्या अध्यायातला तिसावा श्लोक घ्यावा आणि पुस्तक मिटावं. एकतिसाव्यात 'तो लवकरच धर्मात्मा होतो' असं आहे. म्हणजे वागणं बदलावं लागतं. नसती आफत.

सत्कर्मवाल्यांनी याच अध्यायातल्या विसाव्या-एकविसाव्या श्लोकांकडे फिरकूच नये. पुण्य करून स्वर्ग मिळतो खरा, पण पुण्य संपलं की परत मर्त्यलोकात, असं तिथे स्वच्छ लिहिलंय. जमाखर्च ठेवणाऱ्याला हे परवडणारं नाही.

बायबल घेतलंत तर सोय दोन्हीकडची आहे. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे होतं, कर्मांनी नाही, असं आहे. वाक्य पुढे 'कुणी बढाई मारू नये म्हणून' असं संपतं, तेवढं गाळा, कारण बढाई मारण्यासाठीच तर आपण ते वाचतोय. विरुद्ध पक्षाने याकोबाचं पत्र उघडावं. क्रियांवाचून विश्वास निर्जीव आहे, नुसता विश्वास तर भुतेही धरतात आणि थरथर कापतात, असं तो म्हणतो. हे अडचणीचं वाटलं तर जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरचा मार्ग आहेच, त्याने १५२२ मध्ये या पत्राची 'गवताचं पत्र' म्हणून बोळवण केली होती. (पुढच्या आवृत्त्यांत हे शब्द त्यानेच काढून टाकले. असला कमकुवतपणा आपण दाखवू नये.)

मयत श्रीमंत असेल तर निकाल राखून ठेवावा.

विद्वानांच्या नादी लागू नका, ते फार वेळ घेतात. लूथरने १५१७ मध्ये वाद पेटवला, १५४७ मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने 'केवळ विश्वासाने' हे मत धिक्कारलं, आणि लुथरन जागतिक महासंघ व कॅथलिक चर्च यांच्या एका जाहीरनाम्यावर सह्या व्हायला ३१ ऑक्टोबर १९९९ उजाडला. ४८२ वर्षं! त्यातही निघालं काय, तर देव माणसाला स्वीकारतो ते कृपेने, त्याच्या पात्रतेमुळे नव्हे, आणि तीच कृपा त्याला सत्कर्माकडे नेते. बाकीचे मतभेद उरलेच. तुम्हाला हेच खुर्चीत बसल्या बसल्या जमतं.

आता सर्वांत महत्त्वाचं, निकाल कधी जाहीर करायचा? माणूस गेल्यावर लगेच. घरात रडण्याचा आवाज असतानाच. परवा याचं प्रात्यक्षिक बघायला मिळालं. आमच्या ओळखीतले एक काका गेले. देव मानत नव्हते, त्याचा गाजावाजाही करत नव्हते. निवृत्तीनंतर रुग्णालयात ज्यांच्यापाशी कुणी नसतं अशांच्या उशाशी जाऊन बसायचे. त्यांची एक वही आहे. खाटेचा क्रमांक आणि पुढे दोन शब्द, 'चष्मा दुरुस्ती', 'मुलाला फोन', 'अंधाराची भीती, दिवा ठेवा'. काकूंच्या मांडीवर ती वही होती. समोर बसलेले एक गृहस्थ म्हणाले, "माणूस सोन्यासारखा हो, पण कधी देवाचं नाव घेतलं नाही. पुढचं कठीण आहे." दुसरे सरसावले, "छे छे, एवढं पुण्य गाठीशी असताना त्यांना कोण अडवतंय?" झालं! काकूंच्या डोक्यावरून वचनांची फेकाफेक सुरू. यांनी अजामिळ काढला की त्यांनी दानधर्म काढायचा. काकांचा विषय केव्हाच मागे पडला होता. शेवटी काकूंनीच विचारलं, "मग ते आत्ता कुठे असतील?" आणि दोघेही एका सुरात म्हणाले, "ते देवालाच ठाऊक."

देवालाच ठाऊक! मग अर्धा तास काय चाललं होतं? आधी नाही आठवलं हे? अहो, ज्यांच्या नावाने तुम्ही बोलता त्यांनी तरी हा अधिकार स्वतःकडे घेतला होता का? कुणालाही त्याचं कर्म एकटं स्वर्गात नेणार नाही, असं पैगंबरांनी सांगितल्याची हदीस आहे. तुम्हालाही नाही का, असं सोबत्यांनी विचारलं, तर म्हणाले, मलाही नाही, अल्लाहने कृपा केली तरच. बायबलात मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात, शेवटच्या न्यायाच्या वेळी ज्यांना निवडून उजवीकडे उभं केलं ते स्वतःच चकित होऊन विचारतात, आम्ही तुला कधी भुकेला पाहिलं? आणि खुद्द धर्मराज स्वर्गात पोचला तर समोर दुर्योधन आसनावर बसलेला! धर्मराजाचा अंदाज चुकतो, आणि तुमचा चुकत नाही?

श्रद्धा की सत्कर्म, हा प्रश्न मोठा आहे, खरा आहे. रात्री झोप येत नसेल तेव्हा स्वतःला विचारा. माझी श्रद्धा मला कुणाच्या उशाशी नेते का? मी जे करतो ते फलकासाठी करतो का? मिळालं उत्तर तर ठेवा स्वतःपाशी. पण दुसऱ्याच्या मढ्यावर बसून आपली हुशारी दाखवायची, तीही त्याच्या बायकोसमोर, ही ना श्रद्धा ना सत्कर्म. हा निव्वळ उद्दामपणा आहे, आणि तो तुम्ही देवाच्या नावावर खपवता.

पुढच्या वेळी कुणाच्या घरी गेलात आणि बोलायला काही सुचलं नाही, तर तोंड बंद ठेवा. खुर्च्या उचला, फोन घ्या, औषधांचे कागद लावून द्या. काही नाही तर नुसते बसा.

आणि काकूंना फोन करा. दोघांनीही. माफी मागा. 'आम्हाला तसं म्हणायचं नव्हतं' असलं काही बोलू नका. तुम्हाला तसंच म्हणायचं होतं.