६० टक्के थ्रूआउट

आज कॅम्पसला गेलो होतो. परतीच्या चार तासांत गाडीत कुणाशी एक शब्द बोललो नाही. रात्रीचे साडेदहा झालेत, घास गिळला जात नाही, म्हणून लिहितोय. लांबेल, पण वाचा.

कंपनीतर्फे मुलाखती घ्यायला आम्ही तिघं होतो. मी दरवेळी सोबत एक लांब ब्रेडबोर्ड नेतो, म्हणजे भोकांत वायरी खोचून सर्किट जोडायची पाटी. त्यावर ७४१ आयसीचा साधा ॲम्प्लिफायर लावलेला असतो आणि त्यात एक बिघाड मी मुद्दाम ठेवलेला असतो. मुलांना एवढंच सांगतो, आउटपुट येत नाही, शोधा. दुपारपर्यंत अठरा मुलं झाली. बोलायला तरबेज. व्हर्च्युअल ग्राउंडची व्याख्या घडाघडा म्हणणारी. बोर्डाला हात लावायची वेळ आली की वायरी उपटून परत त्याच जागी खोचत बसत. दोघांनी आयसी बदलून मागितली. आयसीला काही झालेलंच नव्हतं.

मग ती आली. नंदुरबारच्या धडगावकडची. घरी पावरी बोलतात, शिक्षण आश्रमशाळेत. इंग्रजीत विचारलं तर शब्द अडकायला लागले, म्हणून मी मराठीवर आलो. तिनं आधी सप्लाय बंद केला. बोर्ड उचलून डोळ्यांजवळ नेला, फिरवून पाहिला. मग सप्लाय चालू करून मल्टिमीटरचं टोक आयसीच्या सात नंबरच्या पिनवर, जिथं सप्लाय यायला हवा तिथं, टेकवलं. म्हणाली, "सर, सातवर काहीच येत नाही. ही लाल रेघ मधे तुटलीय, पलीकडं सप्लाय जातच नाही." बोटभर वायर मागितली, तुटलेल्या जागी जोडली. स्क्रीनवर लाट उमटली. चार मिनिटं लागली असतील.

ती दाराबाहेर पडते न पडते तोच शेजारचा म्हणाला, "हात चांगला आहे. पण कम्युनिकेशन नाही. बारावीला ५८, पहिल्या वर्षी दोन केट्या. कॅटेगरीतली असणार. आपला क्रायटेरिया ६० थ्रूआउट, हिला यादीत घातलं कुणी?"

अठरा जणांना जे सापडलं नाही ते जिला सापडलं, तिला यादीत घातलं कुणी, हा प्रश्न!

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. केटी म्हणजे नापास होऊन मागं राहिलेला विषय. ६० टक्के थ्रूआउट म्हणजे दहावी, बारावी आणि डिग्री, तिन्हीकडे साठच्या वर. एकीकडे जरी कमी पडले तरी तुमचं नाव चाळणीतून वर येतच नाही. बऱ्याच कंपन्यांत ही अट आहे. म्हणजे बारावीला तुमच्या कॉलेजात फिजिक्सला शिक्षक होता की नाही, प्रॅक्टिकल झाली की नुसती जर्नलं उतरवली, याची शिक्षा चार वर्षांनी, इंजिनिअर झाल्यावर भोगायची.

मी भोगलीय. जुन्या मित्रांना ही गोष्ट माहीत आहे, तरी सांगतो, कारण आज दिवसभर तीच डोक्यात आहे.

२००३ साली आमच्या तांड्यावरून इंजिनिअरिंगला जाणारा मी पहिला. विजा-अ, म्हणजे विमुक्त जाती, ३ टक्के जागा. घरी गोरमाटी, आमची बंजारा बोली, शाळेत मराठी, आणि कॉलेजात एकदम सगळं इंग्रजीत. याडी (आई) आणि बाप दिवाळीनंतर ऊसतोडीला गेले की उन्हाळ्यापर्यंत भेट नाही. पहिल्या वर्षी डायोडचं प्रॅक्टिकल होतं. मी दोन तास जोडत होतो आणि मिलिॲमीटरचा काटा शून्यावरून हलत नव्हता. माझ्या बॅचच्या बाकी मुलांची रीडिंग झाली, ग्राफ काढून झाले. सर आले, बोर्डाकडे बघितलंसुद्धा नाही. सगळ्यांसमोर म्हणाले, "कोट्यातून सीट घेता आणि ब्रेडबोर्ड माहीत नाही?" मागं कुणीतरी हसलं. ते हसू मला आजही ऐकू येतं.

खरंच माहीत नव्हता हो. कुठून माहीत असणार? तोवर मी तो पाहिलाच नव्हता.

त्या लॅबमध्ये एक असिस्टंट होते, सगळी पोरं त्यांना मामा म्हणायची. संध्याकाळी मला म्हणाले, सकाळी साडेसातला ये, मी लॅब उघडतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझा तोच बोर्ड काढला आणि माझं बोट धरून कडेच्या लाल रेघेवरून फिरवलं. मधे एका ठिकाणी रेघ थांबते, बोटभर जागा सोडून परत सुरू होते. "इथं तुटलीय बघ. आतली पट्टीबी तुटलेली असती. तू सप्लाय दिला ह्या बाजूला आन् सर्किट जोडलं त्या बाजूला. पोहोचल कसा?" तुकडाभर वायर जोडली आणि काटा हलला. ते सत्र संपेपर्यंत मामा माझ्यासाठी साडेसातला यायचे. त्याचे त्यांना कुणी पैसे दिले नाहीत.

आणि आज तो शेजारचा मला मेरिट शिकवतो!

२०२३ मध्ये आयआयटी मुंबईला मुलांना लेखी सांगावं लागलं की एकमेकांना जेईईची रँक विचारू नका, त्यातून जात कळते. त्याच वर्षी फेब्रुवारीत तिथं पहिल्या वर्षाचा एक दलित मुलगा जीवानिशी गेला होता. आयआयटीत अनुसूचित जाती-जमातींच्या जागा १९७३ पासून आहेत. ५० वर्षांनी हे लिहून सांगावं लागतं. मुलाखतीत कुणी रँक विचारत नाही, तिथं बारावीचे टक्के बघतात. मतलब तोच.

मान्य, परदेशी ग्राहकाशी इंग्रजीत बोलावं लागतं. मलाही लागतं, कामावर लागल्यावर आठ महिन्यांत जमलं. आणि हो, कॅटेगरीतल्या काही मुलांचे आईबाप साहेब असतात. असोत. धडगावच्या पोरीला ते सांगून काय होणार?

आता जरा शांत झालोय. मेघनाद साहांचं आठवतंय. ढाक्याजवळच्या खेड्यातल्या किराणा दुकानदाराचा मुलगा. पुढच्या इयत्तेची शाळा काही मैल लांब, बापाकडे पैसे नाहीत. त्या गावच्या एका डॉक्टरांनी घरी ठेवून घेतलं, म्हणून शिक्षण सुरू राहिलं. नंतर कलकत्त्याला हॉस्टेलात जातीवरून त्यांना इतरांच्या पंगतीला बसू दिलं नाही. त्याच माणसाचं १९२० चं समीकरण लावून ताऱ्यांच्या प्रकाशावरून त्यांचं तापमान काढतात. मला त्या समीकरणाइतकेच ते डॉक्टर आठवतात. त्या लहान पोराचे टक्के त्यांनी विचारले असतील, पण जेवायलाही घातलं.

असा एक माणूस प्रत्येक कॉलेजात का नसतो? जागा आरक्षित केल्या, फ्रीशिप दिली, ती वेळेवर येवो न येवो. पण पहिल्या सहा महिन्यांत त्या पोराजवळ कोण बसतं? केटी तिथंच लागते. आजच्या त्या मुलीच्या दोन्ही केट्या पहिल्याच सेमिस्टरच्या, एम-वन (गणिताचा पहिला पेपर) आणि मेकॅनिक्स. त्यानंतर एकही नाही. हे मार्कशीटवर छापलेलं होतं, वाचायला कुणी थांबलं नाही.

मी भांडलो. तिला "होल्ड"वर ठेवलंय. उद्या एचआरला मेल करतोय आणि कॉपीत वरच्या साहेबांना घेतोय, काय व्हायचं ते होऊ दे. तुमच्यापैकी जे मुलाखती घेतात, त्यांनी आपापल्या कंपनीत विचारा, ही अट कुणी घातली आणि कशासाठी. मला उत्तर हवंय.

मघाशी मामांना फोन केला. रिटायर होऊन खूप वर्षं झाली, ऐकू कमी येतं, मोठ्यानं बोलावं लागतं. सगळं सांगितलं, ६० टक्के, केट्या, शेजारचा काय म्हणाला. त्यातलं त्यांनी काहीच मनावर घेतलं नाही. एवढंच विचारलं, "बोर्डाला हात लावायच्या आधी सप्लाय बंद केला का तिनं?"

म्हटलं, हो मामा, केला.

"मंग येतंय तिला."