मिनी ट्रॅक्टरला स्नो प्लो बसवा म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

ऊस आणि ट्रॅक्टरच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय, सोबत कॅनडातला एक व्हिडिओ. व्हिडिओत छोटा ट्रॅक्टर, पुढं लोडर (बकेट उचलणारे दोन हायड्रॉलिक आर्म), लोडरला जुन्या पिकअप ट्रकचं स्नो प्लोचं पातं, आणि गडी घरासमोरचा बर्फ मस्त बाजूला सारत चाललाय. खाली मराठीत लिहिलंय की हेच वापरलेलं साडेसात फुटी पातं आता आपल्याकडं भंगाराच्या भावात मिळतंय, कुठल्याही मिनी ट्रॅक्टरच्या फ्रंट लोडरला चार बोल्टात बसतं, पुराचा गाळ बर्फासारखाच ढकलतं, पातं जमिनीला टेकलेलं असल्यानं मागं वजन लावायची गरज नाही, हायड्रॉलिक त्याचं त्यालाच असतं, स्प्रिंग त्रास देत असतील तर वेल्ड मारून जाम करा, आणि एकदा बसवलं की जन्मात जेसीबी बोलवायला नको. बुकिंगला ॲडव्हान्स पाठवा.

माझ्याकडं हे मेव्हण्यानं पाठवलं. शिरोळ तालुक्यात त्याची मळीची जमीन आहे नदीकाठाला, २०१९ ला पण पाण्याखाली गेली आणि २०२१ ला पण, त्यामुळं गाळ काढायचं काही म्हटलं की त्याचा जीव तिकडं ओढतो, त्याला दोष देत नाही. "दाजी, पातं मी घेतो, तुम्ही उद्यमनगरात (कोल्हापुरातली कारखान्यांची वसाहत) फक्त बसवून द्या" असा व्हॉइस मेसेज, आणि ॲडव्हान्स पाठवायच्या बेतात. त्याला थांबवला. पण त्याच्या ग्रुपात आणखी कितीजण त्याच बेतात आहेत देव जाणे, म्हणून सगळं लिहून काढतोय. मी फॅब्रिकेशनवाला आहे, लोडर-डोझरचे ब्रॅकेट करणं आणि दुसऱ्यांनी केलेले मोडले की दुरुस्त करणं हाच माझा धंदा, त्यामुळं हे ऐकीव नाही.

पहिल्यांदा गाळ आणि बर्फ एकच म्हणणारं ते वाक्य घेतो, कारण बाकीचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

ताजा पडलेला बर्फ एक घनमीटर घेतला तर वजन साधारण १०० किलो, कधी त्याहून कमी. ओला, दबलेला बर्फ ३०० ते ४०० किलोपर्यंत जातो. आणि आपल्या नदीकाठचा ओला गाळ? १७०० किलोच्या पुढं. आता साडेसात फुटी पात्यापुढं ढीग किती साठतो ते बघा. पात्याची रुंदी २.३ मीटर, ढीग दोन फूट उंच आणि पुढं दोन फूट पसरलेला धरला तर ०.४ घनमीटर माल होतो. ताजा बर्फ असला तर ते ४० किलो झालं, लहान पोरगं पण ढकलंल. ओला बर्फ असला तर दीडशे. ओला गाळ असला तर जवळजवळ ७०० किलो. मिनी ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन किती असतं? मॉडेलप्रमाणं ६५० पासून ९०० पर्यंत. म्हणजे ट्रॅक्टरला स्वतःच्या वजनाएवढा चिकट गोळा ढकलायला सांगताय, तो पण निसरड्या जमिनीवर, जिथं टायरला पकड मिळाली तर वजनाच्या निम्मी मिळते. एचपी कितीही असू दे, ताकद शेवटी टायरमधनंच जमिनीला लागते. होणार काय तर चाकं जागच्या जागी फिरणार, खड्डा पडणार, आणि ट्रॅक्टर काढायला तोच जेसीबी बोलवावा लागणार. जेसीबी थ्रीडीएक्सचं वजन साडेसात टनाच्या घरात असतं, तो गाळात का चालतो आणि आपला का नाही ह्याचं अर्धं उत्तर त्या वजनातच आहे.

आणि गाळ पात्यावरनं सुटत पण नाही हो. बर्फ पात्याच्या बाकावरनं गोल फिरून बाजूला पडतो, पात्याला तो बाक दिलेलाच त्याच्यासाठी. काळी माती ओली असताना लोखंडाला जी धरती ती खुरप्यानं खरवडून काढावी लागते, हे शिरोळच्या माणसाला मी सांगायला पाहिजे का? शिवाय वापसा यायच्या आधी, म्हणजे ओल उतरून रान कामाजोगं व्हायच्या आधी, रानात वजन फिरवलं की खालची जमीन दबून दगड होते, ते नुकसान पुढच्या पिकाला भोगावं लागतं, त्याबद्दल मेसेजात एक अक्षर नाही.

स्प्रिंगचं तर मला सगळ्यात जास्त डोक्यात गेलं. स्नो प्लोच्या मागं जे जाड स्प्रिंग असतात ते पात्याला वाचवायला असतात. बर्फाखाली फुटपाथची कड, मॅनहोलचं झाकण, दगड काहीही लपलेलं असतं, पातं त्याला धडकलं की स्प्रिंग ताणून पुढं झुकतं, वरनं निघून जातं आणि परत उभं राहतं. गाळात काय होतं तर जोर सारखाच जास्त लागत असल्यानं पातं सारखं झुकतच राहतं आणि माल खालनं निसटतो. म्हणून मेसेजवाला म्हणतोय वेल्ड मारून जाम करा. अरे, मग तो धक्का जाणार कुठं? बांधातला दगड नाहीतर पुरात वाहून आलेला ओंडका लागला की तो हिसका सरळ लोडरच्या आर्मला. पात्याचं टोक मधल्या रेषेपासून जवळजवळ पावणेचार फूट लांब, टोकाला धडक बसली की लोडरचे दोन्ही आर्म पिळले जातात. ट्रकला हे पातं खाली चासीला, जमिनीलगत धरलेलं असतं. लोडरचे आर्म लांब, वरनं खाली आलेले, उचलायला आणि सरळ ढकलायला केलेले. आडवा पीळ सोसायला ते केलेलेच नसतात.

आणि आर्म वाकले तर बरं म्हणायचं, आर्म सरळ करता येतात. खरं दुखणं पुढं आहे. ट्रॅक्टरला ट्रकसारखी चासी नसते, इंजिन, क्लच हाउसिंग आणि गिअरबॉक्स ह्या बिडाच्या (कास्ट आयर्नच्या) पेट्याच एकमेकांना बोल्टनं जोडून ट्रॅक्टरचा कणा होतो. लोडरचा ब्रॅकेट नुसता पुढं इंजिनच्या बाजूला धरून सोडला, मागं हाउसिंगपर्यंत सबफ्रेम (आधाराची लोखंडी चौकट) नेली नाही, की सगळा जोर त्या बिडावर येतो. असा ट्रॅक्टर वर्कशॉपला येतो तेव्हा पहिल्यांदा दिसतं ते ओलं तेल, हाउसिंगच्या जॉइंटखाली धूळ धरून काळी झालेली एक ओली रेघ. पुसून घेतली आणि बॅटरीचा उजेड तिरका मारला की बोल्टच्या भोकातनं निघालेली केसाएवढी भेग दिसते. मालक म्हणतो पॅकिंग गेलं असंल. पॅकिंग नसतं ते. मग ट्रॅक्टर मधनं दोन भागात उघडायचा, हाउसिंग नवीन घालायचं, कारण बिडाला वेल्ड मारून तिथं भरवसा धरता येत नाही. ह्या खर्चात गाळ काढायला किती तास जेसीबी लावता आला असता ते ज्याचं त्यानं काढावं.

आता मागचं वजन. मेसेज म्हणतोय पातं जमिनीला टेकलेलं, मग वजन कशाला. हे ऐकून तसं केलं तर माणूस मरू शकतो म्हणून जरा नीट वाचा. पातं ढकलताना टेकलेलं असतं, पण प्रत्येक फेरीला वळताना उचलावं लागतं, बांध ओलांडताना उचलावं लागतं, पाणंदीनं घरी नेताना तर उचलूनच न्यावं लागतं. ट्रकच्या साडेसात फुटी पात्याचं वजन फ्रेमसकट ३०० किलोच्या आसपास असतं, आणि फ्रेममुळं ते लोडरच्या पिनपासून (जिथं बकेट अडकते) आणखी दोन-तीन फूट पुढं लटकतं. मिनी ट्रॅक्टरचा लोडर पिनपाशी जेमतेम अडीचशे-चारशे किलो उचलणारा, पुढं लटकलेल्या वजनाला तेवढाही नाही. उचललाच तर पुढच्या एक्सलवर सगळा भार आणि मागची चाकं हलकी. आणि ट्रॅक्टरचे ब्रेक कुठं असतात? मागच्या चाकांना. बांधावरनं रस्त्याला उतरताना ब्रेक दाबला तर मागची चाकं थांबतात खरी पण घसरत पुढं येतात, ट्रॅक्टर थांबत नाही. फोर व्हील घातला असंल तर पुढच्या चाकांना गिअरमधनं थोडा ब्रेक मिळतो, टू व्हीलवाल्याला तेवढं पण नाही. त्यात एक चाक खड्ड्यात गेलं आणि पातं वर असलं की ट्रॅक्टर आडवा.

हे माझं मत नाही. कुबोटा घ्या, जॉन डीअर घ्या, त्यांच्या लोडरचं ऑपरेटर मॅन्युअल उघडा, लोडर वापरताना मागं बॅलास्ट लावा हे त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं, मागच्या टायरमध्ये पाणी किंवा थ्री पॉइंट लिंकेजला (मागं अवजार जोडायची जागा) वजन. बनवणारी कंपनी नुसत्या बकेटला हे सांगती, आणि आपण बकेटपेक्षा जड आणि लांब पातं लावून बिनवजनाचं फिरायचं? तिकडं प्लो बनवणाऱ्या कंपन्या पण कुठल्या ट्रकला कुठलं पातं चालंल हे त्या ट्रकचा पुढचा एक्सल किती वजन सोसतो त्यावरनं ठरवतात. 'कुठल्याही ट्रॅक्टरला' हा शब्द तिथं कोणी काढत नाही.

चार बोल्टाचं थोडक्यात सांगतो. ट्रकचा माउंट वेगळा, लोडरची बकेट पिनवर बसते, त्यामुळं मध्ये ॲडॉप्टर प्लेट करावीच लागते. ते अवघड नाही, आम्ही करून देऊ. पण नुसती प्लेट मारून पातं घट्ट बसवलं तर जमीन वरखाली झाली की एक तर पात्याची धार रुततीय नाहीतर पुढची चाकं उचलतायत, म्हणून पात्याला वरखाली तरंगायला मोकळीक पाहिजे, लांबट भोकातली पिन किंवा साखळी, आणि लोडरचा व्हॉल्व्ह फ्लोटवाला पाहिजे. हायड्रॉलिक त्याचं त्यालाच असतं हे खरं, पण तो पंप १२ व्होल्टच्या मोटरवर चालतो आणि जोरात असताना दीडशे-दोनशे अँपिअर ओढतो, मिनी ट्रॅक्टरच्या अल्टरनेटरला ते झेपत नाही, बॅटरी बसणार. पंप काढून ट्रॅक्टरच्या तेलावर घेता येतं, पात्याच्या दोन्ही बाजूचे सिलिंडर एका डबल ॲक्टिंग व्हॉल्व्हवर चालतात, मात्र मध्ये क्रॉसओव्हर रिलीफ (जादा दाब दुसऱ्या बाजूला सोडणारा व्हॉल्व्ह) घालायचा, नाहीतर टोकाला धक्का बसला की पाईप फुटला. फिटिंग बरीच अमेरिकन एनपीटी आट्याची, आपल्याकडं बीएसपी, आटे जुळत नाहीत, लेथवर निपल करून घ्यावे लागतात. सगळं होतं. पण चार बोल्टात होत नाही आणि भंगारभावात तर नाहीच.

आणखी एक, जे मेसेज लिहिणाऱ्याच्या डोक्यातच आलं नसावं. आपण मिनी ट्रॅक्टर घेतो कशाला? चार-साडेचार फुटी सरीत घालून बाळबांधणी, भरणी करायला, म्हणजे उसाला माती लावायला. त्याला पुढं साडेसात फुटी पातं लावलं की तो उसात शिरणार नाही आणि पाणंदीत समोरनं बैलगाडी आली तर हलायचा नाही. म्हणजे दर वेळी काढ-घाल, ती पण ३०० किलोच्या लोखंडाची.

आता खरं ते खरं. तिकडं लोक हे करतात, व्हिडिओ खोटा नाही. जुनं ट्रकचं पातं घेऊन कॉम्पॅक्ट ट्रॅक्टरच्या लोडरला वेल्डिंग करून बसवणारे अमेरिका-कॅनडात आहेत, पण ते मागं वजन लावतात, स्प्रिंग तशीच ठेवतात, आणि मुख्य म्हणजे बर्फच ढकलतात. पात्याचं लोखंड चांगलं असतं हे पण मान्य. आपल्याकडं सुद्धा हलका, कोरडा माल नाहीतर फरशीवरचा पातळ थर असला तर असलं पातं काम करंल. गुऱ्हाळावर पसरून वाळवलेलं चिपाड एका जागी आणायला, फरशीच्या मोठ्या गोठ्यातलं शेण एका कडंला सारायला. गाळाला नाही.

गाळाचं करायचंच असंल तर वापसा येऊ द्या आणि ४५ एचपीच्या पुढच्या ट्रॅक्टरला आपल्याकडंच बनतो तो फ्रंट डोझर लावा, सबफ्रेम मागच्या एक्सलपर्यंत नेलेला. मिनीच वापरायचा तर थ्री पॉइंटला मागं टेरेसर ब्लेड (माती ओढून सपाट करायचं पातं) जोडा, पाच फुटाच्या आतलं, आणि थर थोडा थोडा घ्या. वेळ लागतो, पण मागचं वजन मागंच राहतं. थर फूट-दीड फूट जाड असंल तर सरळ जेसीबीच, त्याला दुसरा इलाज नाही.

ज्यांचं पातं येऊन पडलंय त्यांनी ते गॅसनं कापून पाच फुटावर आणा, दोन्ही बाजूनं सारखं कापा म्हणजे फ्रेम मध्यावर राहील, वजन पण कमी होईल. स्प्रिंगला हात लावू नका. ब्रॅकेट फक्त पुढं धरून कोणी बसवून देतो म्हटला तर ट्रॅक्टर तसाच घरी आणा. आणि ॲडव्हान्स अजून दिला नसंल तर समोरच्याला पात्याचं वजन किलोत आणि पिनपासूनचं अंतर इंचात विचारा, आणि तुमच्या लोडरची क्षमता मॅन्युअलात बघून मगच पुढं बोला.