साहेब, गॅस भरून टाका ना!

ऑफिसातला थंडावा जरा कमी झाला की निदान तयार असतं: गॅस कमी झालाय. हे निदान अकाउंट्सवाले करतात, लिफ्टमन करतो, चहा घेऊन आलेला पोऱ्याही करतो. गच्चीवरचा चिलर, म्हणजे अख्ख्या इमारतीच्या एसीचं पाणी गार करणारं आणि आपली उष्णता पंख्यांनी हवेत सोडणारं, गारव्याच्या मापात दीडशे टनांचं मशीन, यांच्यापैकी कोणी डोळ्यांनी पाहिलेला नसतो, आणि पाहायची गरजही वाटत नाही. ॲडमिनच्या मॅडम तर थेट औषधच लिहून देतात, "अहो, गॅस भरून टाका ना!"

चिलरमधला गॅस म्हणजे स्वयंपाकघरातला सिलिंडर नव्हे, की वापरला म्हणून संपला. तो बंद नळ्यांतून वर्षानुवर्षं तेवढाच फिरत राहतो. कमी झालाच असेल तर कुठून तरी गळाला. गळताना तो तेल सोबत घेऊन निघतो, म्हणून आधी तेलकट डाग शोधायचे: फ्लेअर नट (नळीच्या जोडावरचा नट), सर्व्हिस व्हॉल्व्हचा दांडा, जिथे नळी थरथरून पत्र्याला घासते ती जागा. डाग सापडला की त्यावर साबणाचा फेस. गळती बुजवली की नायट्रोजन भरून प्रेशर टिकतंय का ते बघायचं, मग व्हॅक्यूम पंप लावून ५०० मायक्रॉनच्या (हे व्हॅक्यूमचं माप) खाली उतरायचं, आणि मग नेमप्लेटवर लिहिलाय तेवढाच गॅस वजनकाट्यावर तोलून सोडायचा. या सगळ्यात दिवस मोडतो. 'भरून टाका' म्हणायला तीन सेकंद पुरतात.

गॅस खरंच कमी आहे की नाही, हे गेज सांगतात. कमी असेल तर सक्शन (कॉम्प्रेसरमध्ये शिरतानाचं) आणि डिस्चार्ज (त्यातून बाहेर पडतानाचं) दोन्ही प्रेशर खाली येतात, साइट ग्लासमध्ये, म्हणजे नळीवरच्या काचेच्या खिडकीत, बुडबुडे दिसतात. डिस्चार्ज वर चढलेलं असेल तर गॅसवर फुकटचा आळ घेऊ नये. मुंबईत बहुतेक वेळा गुन्हेगार असते कंडेन्सर कॉइल, म्हणजे गॅसची उष्णता बाहेरच्या हवेत सोडणारी नळ्यांची जाळी. ती मळलेली असताना वरून आणखी गॅस ओतला, की चढलेलं प्रेशर आणखी चढतं आणि जो चिलर दुपारी तीनला ट्रिप होत होता तो साडेबारालाच बसतो.

मुंबईच्या हवेत काय काय आहे, ते कॉइलइतकं प्रामाणिकपणे कोणी सांगत नाही. समुद्राचं मीठ, शेजारच्या टॉवरची सिमेंटची धूळ, कबुतरांची पिसं, आणि कॅन्टीनचा एक्झॉस्ट नेमका चिलरच्या दिशेने सोडणाऱ्या आर्किटेक्टच्या कृपेने भजीचं तेल. कॉइलच्या एका इंचात बारा ते सोळा फिन्स, म्हणजे पातळ पत्र्याच्या पट्ट्या, असतात. तेलाने धूळ धरली, धुळीने पीस धरलं, की त्या फटींतून हवा कसली जाते! आर-१३४ए या गॅसवर चालणारं मशीन पस्तीस अंशांच्या दुपारी स्वच्छ कॉइलवर पन्नास अंशांच्या आसपास गॅस कंडेन्स करतं (त्याचा द्रव करतं), म्हणजे गेजवर साधारण १७५ पीएसआय. कॉइल मळून तेच साठ अंशांवर गेलं की काटा २३० च्या घरात. कंडेन्सिंगच्या दर अंशामागे कॉम्प्रेसर दोन-तीन टक्के जास्त वीज खातो, तेव्हा दहा अंशांचा हिशोब ज्याचा त्याने लाइट बिलाशी लावून बघावा. मिठाचा उपद्रव तर निराळाच. तांब्याची नळी, ॲल्युमिनियमची फिन आणि मध्ये खारा ओलावा, म्हणजे ॲल्युमिनियमची पांढरी पूड. नरिमन पॉइंट-वरळीकडे कोटिंग नसलेल्या जुन्या कॉइलची फिन बोटाने दाबली की भुगाच हातात येतो.

बरं, गच्ची म्हटली की अडगळ आलीच. मोडक्या खुर्च्या, मागच्या दिवाळीचा आकाशकंदील, कोणाचं तरी पार्टिशन, सगळं कॉइलला टेकवून ठेवलेलं. चिलरला श्वास घ्यायला निदान मीटर-सव्वा मीटर मोकळी जागा लागते, हे सांगितलं की खुर्च्या या बाजूच्या उचलून त्या बाजूला जातात.

कॉइल धुवायची तर मशीन बंद करावं लागतं, आणि शटडाऊन मागणं ही कॉइल धुण्यापेक्षा मोठी मेहनत आहे. मार्चमध्ये इयर-एंड. एप्रिलमध्ये ऑडिट. मेमध्ये, "या उन्हात मशीन बंद करता?" जूनपासून, "पावसात धुतली जाईलच की!" नाही जात. पाऊस वरून पडतो आणि पंखे धूळ बाजूने आत ओढतात, त्यामुळे पावसाने तिचा गिलावा तेवढा होतो. मग ऑक्टोबर उजाडतो, चिलर धापा टाकतो, आणि ऑपरेटर रोज दुपारी पाइप घेऊन चालू मशीनच्या कॉइलवर पाणी मारत उभा राहतो. प्रेशर झटकन उतरतं, म्हणून हा उपाय सर्वांना फार आवडतो. टँकरच्या पाण्यातले क्षार फिन्सवर चुन्यासारखे चढत जातात, ते कोणाला दिसत नाहीत.

एकदाचा रविवार मिळाला, तर तो सकाळीच वापरावा. आयसोलेटर (मशीनचा मेन स्विच) पाडून कुलूप लावायचं आणि किल्ली आपल्याच खिशात ठेवायची. मेन बंद केली की कॉम्प्रेसरच्या तेलाचा हीटरही बंद पडतो, गार तेलात गॅस मुरतो, आणि तसंच सुरू केलं तर तेल फेसाळून गॅसबरोबर पळून जातं नि बेअरिंग कोरडी पडते. म्हणून दुपारी चारच्या आत धुणं संपवून सप्लाय परत द्यायचा. मॅन्युअल सहसा बारा ते चोवीस तास हीटर मागतं, आणि सोमवारी सकाळी आठला चिलर लागतोच.

धुण्याआधी पॅनेलवर प्लास्टिक. मग कोरड्या मऊ ब्रशने पिसं-धूळ काढायची, फिन्सच्या उभ्या दिशेनेच; आडवा ब्रश मारला की फिन्स वाकल्या. पाणी आतून बाहेर मारायचं, कारण हवा मळ बाहेरून आत घेऊन गेलेली असते. त्यासाठी पंख्यांमधले साइड पॅनेल उघडावे लागतात, आणि त्याचे स्क्रू गंजलेले असतात, म्हणून सगळे बाहेरूनच फवारा मारून मळ आणखी आत दाबून ठेवतात. प्रेशर वॉशरवाला मुलगा उत्साही असतो. त्याला रुंद फवारा, कमी प्रेशर आणि कॉइलच्या पृष्ठभागाला सरळ काटकोन, हे तिन्ही दर पंधरा मिनिटांनी सांगावं लागतं. कॅनवर नाव नसलेलं 'केमिकल' निघालं तर ते परत पाठवावं. ॲसिडने फेस भरपूर येतो, कॉइल चांदीसारखी चमकते, पण ती चमक फिन विरघळल्याची असते. मायक्रोचॅनल (बारीक चपट्या नळ्यांची, सगळी ॲल्युमिनियमची) कॉइल असेल तर नुसतं साधं पाणी. वाकलेल्या फिन्स कंगव्याने सरळ करता येतात, वेळ आणि मान असेल तर.

धुताधुता बाकीचं उरकायचं: टर्मिनल आवळणं, कॉन्टॅक्टरचे पॉइंट बघणं, मोटरचं इन्सुलेशन मेगरने तपासणं. सप्लाय दिल्यावर पंखे उलटे फिरत नाहीत ना, तेही बघावं. कोणी पॅनेलमध्ये दोन फेज बदलले की ते वरून खाली फुंकायला लागतात. पाण्याच्या बाजूला वाय-स्ट्रेनर (पाइपातली गाळणी) उघडायचा. त्यात वेल्डिंगची खपली आणि टेफ्लॉन टेप निघतेच. पाणी बारा अंशांनी आत येऊन सात अंशांनी बाहेर जायला हवं. फरक आठ-नऊ अंशांवर गेला तर फ्लो कमी आहे. फ्लो स्विचला (पाणी थांबलं की चिलर बंद करणाऱ्या स्विचला) बायपासची वायर दिसली तर ती आधी काढावी. पाणी थांबून चिलर चालू राहिला, तर इव्हॅपोरेटरमध्ये, म्हणजे गॅस जिथे पाणी गार करतो तिथे, बर्फ होऊन नळ्या फुटतात आणि पाणी थेट गॅसच्या सर्किटमध्ये शिरतं. त्या बिलापुढे कॉइल धुण्याचा खर्च म्हणजे चहापाणी.

राहिली लॉगशीट. दर दोन तासांनी अँबियंट (बाहेरच्या हवेचं तापमान), दोन्ही प्रेशर, पाण्याची आत-बाहेरची तापमानं आणि अँपिअर लिहायचे असतात, आणि त्यावरून कॉइल पुन्हा कधी धुवायची ते कळतं. कंडेन्सिंग आणि अँबियंट यांतलं अंतर धुतल्यानंतर होतं त्यापेक्षा पाच अंशांनी वाढलं की शटडाऊनचा अर्ज टाकावा. मात्र आमच्याकडच्या लॉगशीटनुसार मुंबईचं तापमान बाराही महिने बत्तीस असतं, मे असो वा जानेवारी. आणि चिलर दोनला ट्रिप झालेला असतो, तरी चारच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलेलं असतं, 'पाणी ७.२, सर्व ठीक.'